गोटीचं मशीन

तिसरी गोटी भोकात पडली, पण घंटी वाजली नाही आणि वरचा दिवाही गेला. खाजामिस्त्रीने मशीनवरून हात काढला आणि त्या दिवशी चौथ्यांदा मागची फळी उघडली.

मशीन छोटंसंच होतं, टेबलावर ठेवायचं. दांडी ओढून सोडली की पोलादी गोटी वर उडायची आणि खिळ्यांच्या गर्दीतून घरंगळत खाली यायची. ठरावीक भोकात पडली की घंटी वाजायची. देवळाली कॅम्पातल्या गोऱ्या सोल्जरांच्या कॅन्टीनमधून सावळीराम माळ्याने ते हर्रासात घेतलं होतं. गुलाबाच्या मळ्यांच्या कमाईवर त्याने मेन रोडला लॉज बांधलं होतं, खाली चहाचं हॉटेल निघायचं होतं आणि गिऱ्हाईक खेचायला हे मशीन.

"मिस्त्री, शुक्रवारपर्यंत चालू करून दाखवा," त्याने बजावलं होतं. "लॉजच्या बावीस खोल्यांचं वायरिंग तुमचं. नाय जमलं, तर मला कॅम्पातला मिस्त्री बोलवावा लागंल."

आज शुक्रवार होता. आणि या महिन्यात खाजाची दोन कामं परत आली होती, वकिलांचा पंखा आणि एका बंगल्याचा दिवा. दोन्हींत स्क्रू ढिले निघाले. हल्लीचा मालच असला, असं खाजा म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तो नेहमी दुसऱ्या मिस्त्रींसाठी वापरायचा.

सेल नवे घातले होते. काळवंडलेल्या पितळी पट्ट्या घासल्या होत्या, तारा बदलल्या होत्या. तरी तो खेळायला बसला की दोन-तीन गोट्यांत मशीन मरायचं. नवा डाव लावला की पुन्हा जिवंत. इतका लबाड फॉल्ट त्याने वीस वर्षांत पाहिला नव्हता.

त्याची मुलगी जुलेखा शेजारी बसून मोटरीची कॉइल गुंडाळत होती. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, तेव्हापासून दुकानातल्या साऱ्या कॉइली तिच्या बोटांखालून जायच्या. स्क्रू पिळायचा पेचकस मात्र पुरुषानेच धरावा, असं खाजाचं मत होतं.

"अब्बा, मी खेळून बघू?"

"बघ. तुझ्यानेही तेच होणार."

तिने डावाच्या पाचही गोट्या सोडल्या. घंटी दोनदा वाजली, दिवा शेवटपर्यंत राहिला. ती आणखी दोन डाव खेळली. मग खाजा बसला आणि दुसऱ्याच गोटीला मशीन मेलं.

खाजाने मशीन आपल्याकडे वळवलं. मग त्याने बाजूची फळी काढली. आत कोपऱ्यात एका कड्याच्या मधोमध पितळी लोलक टांगला होता. वजन असेल कसलं तरी, म्हणून परवा त्याने तो नुसता पुसून ठेवला होता. आता नवा डाव लावून तो बोटाने हलवला. लोलक कड्याला टेकला आणि दिवा गेला.

त्याला सगळं समजलं. सोल्जर मशीनला धक्के देऊन गोटी हवी तिकडे वळवत असणार, म्हणून बनवणाऱ्याने आत हा पहारेकरी ठेवला होता. मशीन हललं की खेळ बंद. खाजा मनापासून हसला. फॉल्ट नव्हताच!

मग त्याचं हसू थांबलं. त्याने मशीन हलवलं नव्हतं. नुसतं धरलं होतं.

नवा डाव लावून त्याने हात काचेवर ठेवला. लोलक थरथरला, कड्याला टेकला.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्याने विचारलं.

"रमजानपासून. तेव्हापासून तुमचा चहाचा कप मी अर्धाच भरते."

खाजाला वाईट वाटलं, त्याहून जास्त लाज वाटली. जुलेखा जवळ सरकली. "हे कडं जरा मोठं करू? मग तुमच्या हातानेही चालेल. सावळीराम शेठना कळायचंही नाही."

पाच मिनिटांचं काम होतं. खाजा कड्याकडे पाहत राहिला.

"मशीन ऐकेल," तो म्हणाला. "लॉजमधली चालू तार ऐकेल का?"

दुपारी सावळीराम आला. दोन डाव खेळला, घंटी वाजली तसा खूश झाला. "झ्याक! काय बिघडलं व्हतं?"

खाजाने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. लपवायचे नव्हते, त्यामुळे ते आणखीच थरथरले. "हे. मशीन चांगलंच होतं. शोधलं माझ्या पोरीने. वायरिंग तीच करील. नको असेल तर कॅम्पातला मिस्त्री बोलवा."

सावळीरामने हातांकडे पाहिलं, मग जुलेखाकडे. "बाईमाणूस शिडीवर चढणार?"

"चढेल. शिडी मी धरीन."

सावळीरामने फेटा सारखा केला. "सोमवारी या दोघं," तो म्हणाला.

जुलेखाने टेबलावरचा पेचकस उचलला. "शिडी शेठ धरतील, अब्बा," ती म्हणाली. "तुम्ही खाली खुर्ची टाकून बसा आणि मला सांगा."