खोडलेलं कलम

टपालाने घरी आलेल्या मतपत्रिकेवरचे बाकी सगळे प्रस्ताव लुडीने सकाळीच उरकले होते. वाचनालयाला हो, पाण्याच्या नव्या टाकीला हो, नगरसेवकांच्या मानधनवाढीला नाही. राहिला होता फक्त 'एम'. त्याचं नाव होतं 'ज्येष्ठ रहिवाशांच्या घरांचं संरक्षण', आणि ते नावच तिला खटकत होतं. चाकांवरच्या घरांच्या या ट्रेलर वसाहतीत चौतीस वर्षं काढली, पण आपलं संरक्षण करायला कोणी आपणहून आल्याचं तिला आठवत नव्हतं.

शहराने घरोघर पाठवलेली माहितीपुस्तिका तिने भिंग घेऊन वाचायला घेतली. जुन्या नियमातली जी वाक्यं रद्द होणार होती, ती तिथे आडवी रेघ मारून छापली होती. एका वाक्यावर भिंग थांबलं. दोन तृतीयांश रहिवाशांच्या संमतीशिवाय वसाहत बंद करता येणार नाही. त्यावर रेघ होती.

तिने पान उलटलं. प्रस्तावाला पाठिंबा देऊन सह्या करणाऱ्यांची नावं होती. तिसरं नाव शेजारच्या वेंडेलचं.

पुस्तिका, मतपत्रिका, लिफाफा आणि काठी घेऊन ती बाहेर आली. बदामाच्या बागांत झोडणी चालली होती, हवेत धूळ होती. वेंडेल आपल्या पायरीशी टोमॅटोची वाळलेली झाडं उपटत होता.

"हे वाचून सही केलीस का तू?" तिने पुस्तिका पुढे केली.

"वाचलंय की."

"रेघ मारलेलंपण?"

वेंडेलने हातमोजे काढले. "लुडी, वसाहत आज ना उद्या जाणारच. तू नाही म्हणालीस म्हणून कोण थांबणार आहे?"

"मग हे संरक्षण कसलं?"

"इथे इमारत व्हायची आहे. सही करणाऱ्यांना तळमजल्यावर घर." त्याने हातमोजे पायरीवर ठेवले. "मी दोन मागितलीत. दुसरं तुझ्या नावाने."

लुडीने पुस्तिका मिटली. नवरा गेला त्या वर्षी तिचं गळकं छप्पर याच माणसाने नीट करून दिलं होतं.

"लिहून दिलंय?"

"वसाहतीच्या मॅनेजरने शब्द दिलाय."

"कोपऱ्यावरचा दिवा बदलतो म्हणून मार्चपासून सांगतोय, तोच ना?"

वेंडेल हसला नाही.

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"मतदान झाल्यावर. तुझा स्वभाव काय मला ठाऊक नाही?"

"पेन दे," ती म्हणाली.

त्याने खिशातलं पेन दिलं. तिने मतपत्रिका त्याच्याच पायरीच्या कठड्यावर ठेवली. कागद वाऱ्याने उडायला लागला, तेव्हा वेंडेलने त्याच्या कोपऱ्यावर तळहात दाबून धरला. 'नाही'समोरचा गोल तिने सावकाश, कडेपर्यंत काळा केला. तो बघत राहिला. हात मात्र त्याने उचलला नाही.

मतपत्रिका लिफाफ्यात बंद करून तिने त्यावर सही केली.

"आण इकडे," वेंडेल म्हणाला. "मी गाडी काढतोच आहे. अग्निशमन केंद्राजवळच्या मतपेटीत टाकतो."

"राहू दे. मी जाते."

"अगं, अर्धा मैल आहे. तुझे गुडघे..."

"माझे आहेत ना, मी बघीन."

फाटक ओलांडून ती रस्त्याला लागली. थोडं पुढे गेल्यावर मागे पावलं वाजली. जवळ येत नव्हती, मागेही पडत नव्हती. ती दम खायला थांबली की पावलंही थांबायची. पडलेच तर धरायला वेंडेल येत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मग वीसेक पावलं चालून तिने लिफाफा स्वेटरच्या आत सरकवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.