देवळाच्या खाली

देवळाच्या खाली पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या खाली नदी. रेवा शेवटच्या पायरीपर्यंत उतरली, परत वर आली, देवळाला एक फेरी घातली. सासरे नव्हते. त्यांची सायकलही नव्हती.

"मी पुढें होतों मा. देवळाच्या खालीं थांबतों, तूं सावकाश ये," असं रामस्वामींनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. तिच्या सायकलची चेन पडली होती, ती चढवायला थोडा वेळ लागला, इतकंच. आणि इथे हरवणार तरी कुठे? कोसस्थलै नदीचा हा बांध तळहातासारखा सपाट. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला भातशेती. मोटारी शिरू नयेत म्हणून तोंडाशीच लोखंडी खांब रोवलेले.

म्हणूनच तर ही जागा निवडली होती. उन्हाळ्यात एकदा रामस्वामी सायकलवरून अण्णा नगरच्या राउंडटाणापाशी, म्हणजे तिथल्या मोठ्या चौकात, आले आणि घराकडे कुठला रस्ता जातो तेच त्यांना आठवेना. शेषाद्रीने, त्यांच्या मुलाने, त्याच संध्याकाळी सायकल विकायला काढली. रेवाने मध्ये पडून नवऱ्याशी तह केला: शहरात सायकल नाही, फक्त रविवारी, या बांधावर, तिच्या सोबतीने. "तिथेही हरवले, तर मात्र सायकल गेली," असं शेषाद्रीने बजावलं होतं. तेव्हापासून म्हातारबुवा सोमवारपासूनच रविवारची वाट पाहायचे.

रेवा साताऱ्याची. वडील शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे चुकीचा शब्द कानावर आला की तिला राहवत नसे. सासरच्या तंजावरी मराठीला ती हसली कधी नाही, पण दुरुस्त मात्र करायची. "अप्पा, असं नाही म्हणत." रामस्वामी "सरी मा" म्हणून मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपलंच बोलत. घराण्याची साडेतीनशे वर्षांची सवय सुनेच्या तीन वर्षांत कशी सुटणार?

पायरीवर एक बाई कपडे धूत होती. सायकलवाले आजोबा पाहिलेत का, असं रेवाने मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं.

"पात्तेन. कीळपक्कम् पोनार," बाई मान वर न करता म्हणाली.

पाहिले, असं ती म्हणत होती. आणि कीळ म्हणजे खाली, एवढं तमिळ रेवाला येत होतं. आजोबा खालच्या बाजूला गेले. खालच्या बाजूला तर नुसतं पाणी होतं.

अप्पांना फोन लावावा, तर त्यांचा फोन तिच्याच पिशवीत. पेडल मारताना खिशात टोचतो म्हणून ते तो तिच्याकडे देत. तिने शेषाद्रीला लावला. "अप्पा दिसत नाहीत," एवढंच तिला बोलता आलं.

"एन्न? तू होतीस ना बरोबर?" त्याचा आवाज चढला. "मी निघालो. आणि ते सापडले की सायकल आजच्या आज जाणार."

पाणी वाहत होतं त्या बाजूने ती सायकल हाणत निघाली. नजर रस्त्यावर कमी, नदीवर जास्त. जलपर्णीत काही काळं दिसलं की ती ब्रेक दाबे. एकदा पंपाचा पाइप निघाला, एकदा म्हैस. बांधाचं वळण संपलं आणि समोर ताडांच्या सावलीत रामस्वामी बसलेले दिसले. सायकल शेजारी नीट उभी केलेली.

"आलीस? इळनीर पी," त्यांनी शहाळं पुढे केलं.

रडावं की ओरडावं हे रेवाने ठरवलं नाही, दोन्ही केलं. "देवळाच्या खाली थांबतो म्हणाला होतात ना, अप्पा?"

"खालींच बसलों अहें मा." ते खरोखर गोंधळले होते. "सूर्य इकडून येतो, पाणी इकडे जातें. हें खालीं. तें मागें राहिलें तें वर. तंजावरांत खालची वीथी म्हणजे पूर्वेची, वरची वीथी म्हणजे पश्चिमेची. तुमच्या साताऱ्यांत काय म्हणतात?"

साताऱ्यात डोंगर आहेत. तिथे खाली म्हणजे खाली. अप्पांचं लहानपण खालच्या वीथीत गेलं, हे रेवा लग्न झाल्यापासून ऐकत होती. तंजावर कुठल्यातरी उतारावर वसलेलं असावं, अशी तिने आपली समजूत करून घेतली होती. दुरुस्त करण्याच्या नादात विचारायचं राहूनच गेलं.

फोन वाजला. बांधावर दुसरा आवाज नव्हता, त्यामुळे शेषाद्रीचं बोलणं दोघांनाही ऐकू येत होतं.

"सापडले?" रेवा "हो" म्हणाली. "मग कुठे हरवले होते? रेवा, एक म्हातारं माणूस सांभाळता येत नाही तुला?"

ती काही बोलायच्या आत रामस्वामींनी तिच्या हातातून फोन घेतला. "तिला बोलूं नको. मीच चुकलों. कुठें थांबायचें तें विसरलों. सायकल देऊन टाक कोणास तरी."

फोन तिच्या हाती देऊन ते उठले आणि सायकलकडे गेले. या माणसाला आपण तीन वर्षं बोलायला शिकवत होतो, या विचाराने रेवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने फोन कानाला लावला.

"शेषाद्री, अप्पा सांगितलेल्या जागीच बसले होते," ती म्हणाली. "मला मराठी येत नाही."