दुसऱ्या गाडीची केबल

रानडुक्कर गाडीच्या बंपरला धडकून झाडीत पळालं. गाडी दहा-पंधरा पावलं पुढे गेली आणि बंद पडली.

वीरेंद्रने चावी फिरवली. दिवे लागले, स्टार्टर फिरला, पण इंजिन पकडेना. मागच्या सीटवर त्याची आई रुख्मा पडली होती. तिचं डोकं नवऱ्याच्या, मनिरामच्या, मांडीवर होतं. धान कापताना तिच्या हाताला नाग चावला, त्याला पाऊण तास होऊन गेला होता. सालेकसाचा दवाखाना अजून बारा किलोमीटर दूर होता. भर दुपार, दोन्हीकडे जंगल, मोबाइलला रेंज नाही.

पुढच्या सीटवर शेजारच्या ताराचंदची मुलगी साक्षी होती. गोंदियाजवळच्या कुडव्यात एका गॅरेजमध्ये ती गाड्यांचं वायरिंग बघायची. सुटी संपवून परत निघाली होती. रुख्माकाकूला गाडीत घालताना पाहिलं आणि बॅगेसकट तीही बसली.

गाडीला काय झालं ते तिला कळलं होतं. धडक बसताच गाडीच्या कॉम्प्युटरने अपघात समजून डिझेल तोडलं होतं. ती नोंद पुसल्याशिवाय इंजिन चालू होणार नव्हतं. ती पुसायची केबल तिच्या बॅगेत होती, वडिलांच्या जुन्या गाडीसाठी घेतलेली. साक्षी बोलली मात्र नाही.

वीरेंद्र खाली उतरला. रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही बाजूंना पाहून आला. पुन्हा चावी फिरवली. पुन्हा तेच.

"साक्षी," रुख्मा मागून म्हणाली. जीभ जड झाली होती. "मले दोन-दोन दिसून राहिले."

साक्षीने वळून पाहिलं. रुख्माच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि मनिराम ती पंच्याने पुन्हा पुन्हा पुसत होता. त्याने साक्षीकडे पाहिलं नाही. तो फक्त बायकोच्या छातीकडे पाहत होता, वर होते की नाही ते.

साक्षीने बॅग उघडली.

"भाऊ, एक केबल हाये माह्याजवळ," ती म्हणाली. "पण थे आमच्या गाडीची हाये. मांगच्या महिन्यात गॅरेजमधल्या दुसऱ्या गाडीले लावली, त थे गाडी कायमची बंद पडली."

"हे त बंदच हाये ना," वीरेंद्र म्हणाला.

तिने स्टिअरिंगखाली हात घालून केबल जोडली. दुसरं टोक मोबाइलला लावलं. स्क्रीनवर प्रश्न आला. ही गाडी ओळखीची नाही, आधीच्या गाडीची सेटिंग टाकायची का? हो किंवा नाही. मागच्या महिन्यात तिने घाईत 'हो' दाबलं होतं. ती गाडी शेवटी क्रेनने ओढून नेली. गॅरेजचा मालक सगळ्यांसमोर म्हणाला होता की यापुढे या पोरीने केबलला हात लावायचा नाही.

अंगठा घामाने ओला झाला होता. तिने तो सलवारीला पुसला आणि 'नाही' दाबलं.

डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम विझले.

मागे रुख्माच्या घशात घरघर होत होती, तेवढीच ऐकू येत होती. साक्षीच्या मनात आलं, होतं तेवढंही आपण घालवलं. हिचा जीव आता आपल्या नावावर. तिला मनिरामकडे वळून पाहायचा धीर होईना.

मग एक दिवा लागला. त्यामागून बाकीचे. मोबाइलवर एकच ओळ उमटली, अपघाताची नोंद. तिने ती पुसली.

"लावा," ती म्हणाली. वीरेंद्रने चावी फिरवली.

इंजिन चालू झालं.

केबल काढायची तिची हिंमत झाली नाही. केबल वीरेंद्रच्या गुडघ्यावरून ताणलेली, मोबाइल तिच्या दोन्ही हातांत. बारा किलोमीटर ती तशीच बसली. खड्डा आला की श्वास रोखायची. इंजिनचा आवाज जरा बदलला की डोळे मिटायची. मागे मनिराम बायकोला हाका मारत होता. आधी ती हुंकार देत होती. शेवटच्या वळणावर तो हुंकारही थांबला.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं. रुख्माला आत नेलं. वीरेंद्रने चावीकडे हात नेला तसा साक्षीने त्याचा हात धरला. पुढे गोंदियाला न्यायला सांगितलं आणि ही पुन्हा चालूच झाली नाही तर, ती म्हणाली. त्याने गाडी चालूच ठेवली आणि तो आत धावला.

ती एकटीच बसून राहिली. गाडी बाजूला घ्या, बंद करा, असं कोणीतरी सांगून गेलं. तिने मान हलवली आणि हलली नाही. उन्हं सीटवरून तिच्या मांडीवर आली, मांडीवरून खाली उतरली.

वीरेंद्र बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. त्याच्या चेहऱ्यावरून तिला काहीच कळेना.

"श्वासाची नळी लावली होती," तो म्हणाला. "आता श्वास सोताहून घेऊन राहिली. मले पाहून डोळे हालवले. गोंदियाले न्याचं काम नाही म्हनते डॉक्टर."

खिडकीतून हात घालून त्यानेच चावी बंद केली. सगळीकडे शांत झालं.

"उतर आता," तो म्हणाला.

"थांबा थोडं, भाऊ," साक्षी म्हणाली. तिने स्टिअरिंगखाली हात घातला आणि केबल काढली.