आधी तू खा

सामायिक फणसाचा आपला वाटा मिळत नाही म्हणून फॉस्टिनने धाकट्या भावाशी बोलणं टाकलं होतं. आज त्याच भावाची बायको, ग्लिनिस, घरी भाजलेला पाव घेऊन दारात आली. आत चीज आणि पिकलेले गरे, सुरी नको, बोटांनी तोडून सगळ्यांनी मिळून खायचा. पावाच्या वासाआधी फॉस्टिनला डावाचा वास आला.

"आधी तू खा गो," तो म्हणाला. तिने खाल्ला.

"आता हो कडेचो तुकडो खा. आता मधलो." पावात काही कालवलेलं नाही याची त्याची खात्री पटेपर्यंत ताटात एकच तुकडा उरला. तो मात्र त्याने चवीने खाल्ला.

"पाव बरो झालो. पण माझ्या वाट्याचो फणस कधी गावतलो?"

 

भरल्या पोटावर हात ठेवून ग्लिनिस म्हणाली, "तुमच्या वाट्याचेच गरे पावात घातलेले, दादा."