आधी तुम्ही

“आधी तुम्ही,” मिस्त्री म्हणाले.

“नाही नाही, तुम्ही व्हा पुढे,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात टीव्हीच्या पडद्यावरचा पूल कोसळला आणि त्यावर उभी असलेली दोन्ही भावंडं दरीत गडप झाली.

“माझंच चुकलं.”

“छे छे, माझंच.”

हा व्हिडिओ गेम बाईंच्या भाचीने या दोघांच्या लग्नात भेट दिला होता. हरवलेल्या आईला शोधायला निघालेल्या भावाबहिणीची गोष्ट. दोघांनी मिळूनच खेळायची. एकट्याने त्यात साधं दारही उघडत नाही. दोन वेण्यांची धाकटी बहीण मिस्त्रींच्या वाट्याला आली होती, थोरला भाऊ बाईंच्या.

लग्न केलं तेव्हा दोघांचीही पन्नाशी उलटली होती. मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. पहिली बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचं हे पहिलंच लग्न. माणूस लाखात एक मिळाला होता, त्यात वाद नव्हता. पण चहा फिका झाला तरी मिस्त्री ‘छान झालाय’ म्हणून संपवायचे. बाईही साधी खिडकी उघडायची तर त्यांना विचारायच्या. कधीकधी त्यांना वाटायचं, आपण एकमेकांकडे पाहुणे म्हणून उतरलोय आणि परत कुणी जायचं तेवढंच ठरत नाहीये.

पूल पुन्हा उभा राहिला. आता भावाने पलीकडे दोर धरून ठेवायचा, बहिणीने पळत येऊन उडी मारायची. टेकडीवरून आईची हाक ऐकू येत होती. मिस्त्रींची बहीण पळत सुटली आणि ऐन काठाशी थबकली.

“उडी मारता का जरा?” बाई म्हणाल्या.

“मारू? तुम्हाला दोर जड नाही ना होणार?”

पुलाच्या फळ्या एकेक करून निखळायला लागल्या. बाईंचा धीर सुटला. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज त्यांनी लावला.

“अरे, मार ना गाढवा! बघत काय बसलायस!”

बहिणीने उडी मारली. भावाने तिला वर ओढलं. टेकडीवरून आई धावत आली, तिघं एकमेकांच्या गळ्यात पडली, पडद्यावर नुसता जल्लोष.

मिस्त्रींनी हातातला कंट्रोलर खाली ठेवला. उठले. स्वयंपाकघरात गेले.

बाईंच्या मनात आलं, इतकं जपलेलं सगळं एका शब्दाने घालवलं आपण! आतून नळाचा आवाज आला. मग ग्लास ठेवल्याचा. मग काहीच नाही. माफीची जुळवाजुळव करत बाई उठल्या, तर दारात मिस्त्री उभे. हसू काही केल्या ओठांत मावत नव्हतं.

“गाढवाचं पाणी पिऊन झालं,” ते म्हणाले. “तुला आणू?”