बुधवारची फेरी

"फोर!"

आवाज कानावर पडताच लोर्ना डोक्यावर हात घेऊन मटकन खाली बसली. थंड चहाचा पेला गवतावर पालथा झाला. चेंडू सूंकन आला, गोल्फच्या छोट्या गाडीच्या छपराच्या दांडीवर आदळला आणि टणकन उडून वाळूत गेला. दांडी आणि तिचं डोकं यांत वीतभर अंतर होतं. गोल्फवाल्याशी लग्न करून चाळीस वर्षं काढली, की "फोर", म्हणजे चेंडू येतोय, सांभाळा, ही हाळी ऐकल्यावर आधी डोकं झाकायचं आणि मग विचार करायचा, हे अंगात मुरतं.

ती उठली. गाडीत डॉयल, तिचा नवरा, बसला होता तसाच बसला होता. उजवा हात मांडीवर निर्जीव, टोपी कपाळावर ओढलेली, नजर तळ्याकडे. गेल्या ऑक्टोबरात त्याला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी लोर्नाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, समजही फारशी उरलेली नाही असंच धरून चला.

काय नशीब म्हणायचं! बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात; या माणसाने त्यांच्या मूळ गावी, डलूथच्या बर्फात पोहण्याचे हौद खपवले होते. घरीही तोंडाचा पट्टा तोच. लोर्नाने वाक्य सुरू करायचं आणि डॉयलने ते पुरं करायचं, बहुतेक वेळा चुकीचं.

झटक्यानंतर दर बुधवारी, ऊन तापायच्या आत, ती त्याला मैदानावर फिरवायला आणू लागली. गाव एवढंसं, पण गोल्फची मैदानं ही इतकी. एका बुधवारी टेकडीवरचं, पुढच्या खेपेला नऊ होलांचं छोटं, मग हे तळ्याकाठचं, त्याचं लाडकं. खेळायचं कोणी नाही, नुसतं हिंडायचं. आणि हिंडता हिंडता ती बोलायला लागली. आधी हवापाण्याचं, मग पोटातलं. टेकडीवर तिने सांगून टाकलं, की हे वाळवंट तिला पहिल्या दिवसापासून आवडलं नाही, निव्वळ त्याच्या खेळापायी ती इथे राहिली. छोट्या मैदानावर त्याहून मोठं निघालं. एकदा ती बॅग भरून डलूथच्या बसमध्ये बसली होती. वाटेतल्या फ्लॅगस्टाफपर्यंत गेली, तिथे खूप रडली आणि परत फिरली. तो खेळून घरी आला तेव्हा जेवण तयार होतं. हे तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. भिंतीला कान नसतात असं एकदा मनाशी धरलं, की माणूस फार मोकळा होतो.

आजचा बुधवार शेवटचा. उद्या सकाळी किंगमनच्या शुश्रूषागृहाची गाडी डॉयलला कायमचं न्यायला येणार होती. चहा ओतताना ती त्याला तेच सांगत होती. "मला सुटल्यासारखं वाटतंय, डॉयल. आणि त्याची लाजसुद्धा वाटत नाही," इथपर्यंत ती आली आणि तो आवाज झाला.

फटका मारणारा टेकाडावरून धापा टाकत खाली आला. तिशीतला, उन्हाने भाजून लाल झालेला. लोर्ना त्याच्यावर तुटून पडली.

"डोळे आहेत की बटणं? जीव गेला असता माझा!"

"चुकलं, बाई. खरंच माफ करा. चेंडू इकडे वळेल असं वाटलंच नाही. आणि वळला तेव्हा माझी दातखीळच बसली, ओरडताही येईना." मग तो डॉयलकडे वळला आणि त्याने टोपी काढली. "साहेब, तुम्ही ओरडलात म्हणून निभावलं."

"कोण ओरडलं?"

"हे. तुमचे यजमान. मी वरून पाहिलं ना."

तो पुन्हा पुन्हा माफी मागत निघून गेला. लोर्नाला ते ऐकूही गेलं नाही. तिच्या पायाखालची जमीन सरकली होती. झोपेत बरळतात तसा निघाला असेल शब्द, नुसती सवय, दुसरं काही नाही. देवा, तसंच असू दे. नवऱ्याची वाचा परत येऊ नये म्हणून आपण देवाचा धावा करतोय, हे लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

"डॉयल," ती कशीबशी म्हणाली. "माझं बोलणं कळतंय तुला?"

त्याने हळूहळू मान वळवली.

"कळतंय."

"कधीपासून?"

"पहिल्या... पासून."

"आणि बोलता कधीपासून येतंय?"

"उन्हाळा... लागल्यापासून. थोडं."

लोर्नाने गाडीची दांडी घट्ट धरली. टेकडी, बस, फ्लॅगस्टाफ, आजची सकाळ. सगळं त्याच्या कानावर पडलं होतं, शब्दन् शब्द.

"आणि गप्प बसलास? लबाडा! मी वेड्यासारखी बडबडतेय, बडबडतेय... अरे, उद्या ते न्यायला आले असते, तरी तोंड उघडलं नसतंस?"

डॉयलने मान हलवली. नाही.

"का पण? का रे?" ती जवळजवळ किंचाळली.

त्याने डावा हात उचलून तिच्या चहाने भिजलेल्या बाहीवर ठेवला. कपाळावर घाम डवरला होता. एकेक शब्द घसा खरवडत बाहेर आला.

"दुसऱ्याचा फटका... चालू असताना... मध्ये बोलायचं नसतं, लोर्ना."