अजून थोडी हवा

बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांची गाडी तापायला लागली. रेडिएटरमध्ये हवा अडकली होती. मेकॅनिककाकांनी इंजिन चालू केलं, खाली उतरून बॉनेट उघडलं. मी शेजारी पाण्याचा कॅन घेऊन उभी होते.

"अण्णा, द्या रेस! झोपलात काय?" काकांनी जुन्या सवयीने बाबांना हाक मारली आणि जीभ चावली. "चुकलो गं पोरी."

पण इंजिनने रेस घेतली होती.

रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले. काका हळूच म्हणाले, "सोडा, अण्णा." इंजिनचा आवाज उतरला. "द्या." पुन्हा चढला.

बॉनेटमुळे ड्रायव्हरची सीट दिसत नव्हती. आम्ही दोघांनीही वाकून पाहिलं नाही.

बुडबुडे थांबले. "निघाली सगळी हवा," काका म्हणाले. "बॉनेट लावू?"

मी ते दोन्ही हातांनी वर धरून ठेवलं.

"थांबा ना, काका. अजून थोडी असेल."